नरम आवाजाचा उमेदवार

अब्बा, काल टीव्हीवर निवडणुकीच्या बातम्या चालू होत्या आणि माझ्या नातीने मला इंग्रजीत विचारलं, या उमेदवाराला सगळे मॉडरेट म्हणतात, म्हणजे नक्की काय असतो तो? मी म्हणालो, सांगतो, थांब जरा. ती हसली आणि मोबाईलमध्ये गेली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा डोळ्यांपुढे आणायला मला हल्ली थोडं थांबावं लागतं. पण त्या शब्दाने तुम्ही क्षणात समोर आलात, आणि तुमच्यामागोमाग कुवेतच्या शर्क वस्तीतली आमची खोली आली.

मासळीबाजाराच्या मागे मातीच्या भिंतींचं जुनं घर होतं. त्यातल्या एका खोलीत आपल्या मोहल्ल्यातलेच आम्ही सगळे राहायचो. कुणी शिंपी, कुणी ड्रायव्हर, मी बंदरावर टॅली क्लार्क, म्हणजे गलबतावरून उतरणारा माल मोजून साहेबाला सांगायचा. खोलीत शब्द चालायचा तो चाचांचा. ते एका तेल कंपनीच्या मेसमध्ये भटारी होते, वयाने मोठे, आणि शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाहून आल्यावर खोलीचं जेवणही तेच रांधायचे. कलई केलेला मोठा थाळा मधे ठेवून सगळे एकाच थाळ्यात जेवायचो. आठवडाभर मी जगायचो तो त्या थाळ्यासाठी आणि गावाकडच्या आपल्या विहिरीखालच्या जमिनीच्या तुकड्यासाठी. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही, पण त्या तुकड्यावरचं घर मी मनात कधीच बांधून काढलं होतं. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पडवी खाडीच्या बाजूला. दुपारी बंदरावर लोखंडाला हात लावला की भाजायचा, तेव्हा मी त्या पडवीत जाऊन बसायचो.

अशात तुम्ही जिल्हा परिषदेला उभे राहिलात, अपक्ष. मास्तरकी सुटल्यावर माणसाने नातवंडं खेळवावीत, तर तुम्हाला ही हौस. समोरचा उमेदवार तरणा, गळ्याच्या शिरा ताणून बोलणारा. ‘कसेल त्याची जमीन’ म्हणून त्याने खाडीच्या दोन्ही काठांवर आरडाओरड केली होती. खोलीतल्या प्रत्येकाची गावाला थोडीफार शेती होती आणि प्रत्येकाची कुळं ती कसत होती. त्यामुळे तो निवडून यायला नको, यावर सगळ्यांचं एकमत होतं. गावात पुरुष उरले होते कुठे? मतं होती बायकांची आणि म्हाताऱ्यांची, आणि मत कुणाला द्यायचं ते ठरायचं कुवेतला. सुट्टीवर जाणाऱ्याबरोबर बोटीने निरोप जायचा की अमक्याला शिक्का मारा.

त्या शुक्रवारी थाळ्याभोवती तुमचाच विषय निघाला. आमच्यातला शिंपी मुंबईहून येणारे शिळे पेपर वाचायचा, तो म्हणाला, ‘‘मास्तर मवाळ वाटतात.’’ चाचांनी माझ्याकडे मान वळवली.

‘‘तू सांग रं. बापूस तुजा. नरम हाय ना मानूस?’’

‘‘आवाज कधी चढवत नाहीत,’’ मी म्हणालो.

‘‘हात उगारतो कुनावर?’’

‘‘नाही. मला कधी एक चापट मारली नाही.’’

‘‘झालं तर मग,’’ चाचा म्हणाले आणि मच्छीचा मधला तुकडा माझ्यापुढे सरकवला. निरोप गेला. तुम्ही निवडून आलात. बातमी आली तेव्हा चाचांनी शेवयांची खीर केली आणि मी वडिलांचा मुलगा म्हणून जरा ताठ बसून खाल्ली.

मला जे विचारलं ते मी खरं सांगितलं होतं. पण तेव्हा मला चुलीपुढचा तो दिवस का आठवला नाही कोण जाणे. मी शाळेत जायचो. अम्मा घावणे काढतेय, तुम्ही आणि मी जेवायला बसलोय, आणि विहिरीखालचा तुकडा कसणारे आपले म्हातारे कूळ भाताचं ओझं डोक्यावर घेऊन दारात उभे आहेत. मी बसल्या जागेवरून म्हणतो, ‘‘ए, तिकडे ठेव.’’ तुम्ही घास खाली ठेवता. ‘‘ऊठ. त्यांना पाट दे. आणि अहो म्हण.’’ मी उठत नाही. तुम्ही पुन्हा तेच म्हणता, तितक्याच हळू. घावणे गार होतात, अम्मा डोळ्यांनी विनवते, म्हातारे बिचारे म्हणतात, जाऊ द्या मास्तर, पोर हाय. तुम्ही ना जेवता, ना मला जेवू देता. शेवटी मी रडत पाट देतो आणि अहो म्हणतो. त्या सबंध वेळात तुमचा आवाज अंगणापर्यंतही गेला नव्हता. हे चाचांना सांगितलं असतं तर त्यांनी तुम्हाला नरम म्हटलं असतं का?

गरजेल तो पडेल काय म्हणतात तसं झालं. ओरडणारा तरणा निवडणूक हरल्यावर ठेकेदार झाला आणि कुळांना विसरला. तुम्ही मात्र मुकाट्याने कुळांना घेऊन मामलेदार कचेरीच्या पायऱ्या चढायला लागलात. जमीन कोण कसतो याची साक्ष द्यायची, एवढंच तुमचं काम. पहिली साक्ष तुम्ही स्वतःविरुद्ध दिलीत. विहिरीखालचा तुकडा हेच कसतात, आम्ही नव्हे, असं सांगून मोकळे झालात, आणि तो कुळाच्या नावावर झाला. मग चाचांच्या शेताची पाळी आली, मग शिंप्याच्या.

हे मला सुट्टीवरून परतलेल्या माणसाने सांगितलं, खोलीत, सगळ्यांसमोर. चाचा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘‘तू नरम बोललास.’’

‘‘मी आवाजाचं बोललो होतो, चाचा.’’

‘‘आमी काय त्येचा आवाज निवडून दिलाव?’’

पुढच्या शुक्रवारी थाळा मधे ठेवला आणि माझ्यासाठी भात एका चिनी मातीच्या बशीत वेगळा वाढला. मी बशी घेऊन दाराशी बसलो. पाठीमागे सगळ्यांचे हात एका थाळ्यात जात होते आणि मला ते न बघता कळत होतं. असे कितीतरी शुक्रवार गेले. अब्बा, वाळीत टाकलेल्या माणसाला भूक लागते ही फार लाजिरवाणी गोष्ट आहे. एकदा शिंपी म्हणाला की मास्तर चोर निघाला. मी उठून त्याची गचांडी धरली. ‘‘चोर असते तर माझं घर राहिलं असतं,’’ मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी मी माझी ट्रंक उचलली. नव्या खोलीत एक केरळचा, दोघे गोव्याचे, एक पेशावरकडचा. माणसं चांगली होती. पण महिनोन्महिने माझ्या कानावर मराठीचा एक शब्द पडला नाही. बंदरावर एकटा असताना मी मोठ्याने आकडे म्हणायचो, तेवढीच मराठी.

सुट्टीवर आलो तेव्हा तुम्ही पडवीत बसून नारळ सोलत होता. मी म्हणालो, ‘‘लोकांनी तुम्हाला मवाळ समजून मतं दिली.’’

‘‘मला कुणी विचारलं नाही,’’ तुम्ही म्हणालात.

‘‘मला विचारलं.’’

‘‘मग तू काय सांगितलंस?’’

‘‘तुम्ही आवाज चढवत नाही म्हणून.’’

‘‘खरंच आहे ते.’’ आणि तुम्ही दुसरा नारळ घेतलात. घर कुठे बांधू, असं मी विचारलं तेव्हा म्हणालात, शाळेमागे जागा विकाऊ आहे. मी जन्मात तुमच्यावर इतका चिडलो नव्हतो. पुढच्या निवडणुकीत तुम्ही पडलात. कुळांनीसुद्धा मतं दिली नाहीत, त्यांचे सातबारे झाले होते. तुम्ही गेल्याची तार माझ्या हाती पडली तेव्हा तुम्हाला दफन करून झालं होतं.

नातीला काय सांगू? तुम्ही मवाळ नव्हता. तुमच्याइतका कडवा माणूस मी पुन्हा पाहिला नाही, कुवेतला नाही आणि गावातही नाही. तुम्ही बरोबर होता हे मला चाळिशीत पटलं. कुणाला तसं बोलून दाखवलं नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी पुढचं लिहिल्यावर मी ते टाकलं नसतं. त्या खोलीला वाटलं की मी तुमच्या बाजूचा आहे, म्हणून मला वेगळं वाढलं. मी तुमच्या बाजूचा नव्हतो. त्या वेळी मी गावात असतो आणि तुम्ही काय करणार हे मला आधी कळलं असतं, तर अब्बा, मी तुम्हाला मत दिलं नसतं. एवढं चाचांना सांगितलं असतं तर त्यांनी सरकून मला जागा दिली असती. ते मात्र माझ्याने सांगवलं नाही.