फळी घसरते

मंगळवार, ६ जानेवारी २००४

अर्धांगानं डावा हात गेला, तेव्हापासून विळीवर बसणं बंद. म्हणून यांनी आज जुन्नरहून भाजी चिरायच्या दोन फळ्या आणल्या. प्लास्टिकची हलकी, पण कांद्यासकट घसरते. लाकडाची जागची हलत नाही, पण धुवायला एका हातानं उचलत नाही. कोणती ठेवू? दोन्ही नकोशाच.

प्लास्टिकची परत घसरली. वैतागून म्हटलं, माझी विळी द्या इकडं, बघते कशी चिरत नाही ते.

"ती व्हय? वहिनीला दिली मागच्या आठवड्यात. नुसती गंजली असती."

आज सकाळीही हाताला तेल चोळताना म्हणत होते, उन्हाळ्यापर्यंत हात येतोय बघ.