पांढरी गाडी अडखळते

३ एप्रिल, गुरुवार
पुण्याच्या पार्टवाल्यांचं पार्सल आलं. कार्बोरेटरचं किट सहाशे चाळीस, पेट्रोलची गाळणी नव्वद, चार प्लग चारशे ऐंशी, टपालखर्च एकशे दहा. एकूण तेराशे वीस. आत चिठ्ठी — "एवढ्याने न भागल्यास आख्खा कार्बोरेटर आहे." देवी करो, तो न लागो. या गृहस्थांना फोनवर ऐकू येत नाही, सगळा कारभार पोस्टकार्डावर.

गाडी एकोणनव्वद सालची. महिना झाला, अडखळते. पाय दाबला की आधी काहीच नाही — मग एकदम उडी. आणि वीस तारखेला क्रांतीला हुपरीहून आणायचंय. नववा लागतोय, पहिलंच बाळंतपण. जावई भाड्याची गाडी करतो म्हणाले. ह्यांचं एकच — "माझी लेक माझ्या गाडीतनं येणार."

५ एप्रिल, शनिवार
अण्णाप्पा मिस्त्री सकाळीच आला. बोळातच गाडी उघडली. माझी जुनी परात मागून घेतली, कार्बोरेटरचे सगळे भाग तिच्यात पेट्रोलनं धुतले. पितळेचा एक बारका तुकडा उजेडात धरून दाखवला. "वैनी, ह्यो जेट. सुईएवढं भोक. ह्यात कचरा बसला की गाडीला धाप लागती."

प्लग बदलले, गाळणी बदलली. स्वतः रंकाळ्यापर्यंत फिरवून आणली. "रेशीम हाय!"

मग हे बसले. नेहमीप्रमाणे चपला बाहेर काढून — दसऱ्याला पूजतो त्या गाडीत चप्पल नको, हा ह्यांचा पहिल्या दिवसापासूनचा नेम. कोपऱ्यावरच अडखळली.

अण्णाप्पा हसला. "मालक, गाडीला तुम्ही आवडत न्हाय बगा."
हे हसले नाहीत.

६ एप्रिल
परात तीनदा धुतली. वास जात नाही. राहू दे बाहेरच.

८ एप्रिल, मंगळवार
अण्णाप्पा परत आला. पंप तपासला, अ‍ॅक्सिलरेटरची पायाखालची तार ताणून बघितली. तिथला एक स्क्रू हातातून निसटला. हातबॅटरी लावून शोधला, पायपुसणं झटकलं — मिळाला नाही. दुसरा लावला. पुन्हा तेच. त्याच्या हाती गाडी सरळ, ह्यांच्या हाती खोडी. "आता आख्खा कार्बोरेटरच बदला. मला तर दुसरं काय सुचंना." अडतीसशे! तरी पुण्याला कार्ड टाकलं. भिशीतले पैसे काढले.

नीट चालली की देवीची खणानारळानं ओटी भरेन. दुसरं माझ्या हातात काय आहे?

११ एप्रिल, शुक्रवार
दोघं देवीला गेलो, पायीच. निघायला उशीर झाला, भर बारा वाजले. देवळातली फरशी तव्यासारखी. लोक पाय उचलून पळत होते. मी अंथरलेल्या किंतानाच्या पट्टीवरून गेले तरी चटके बसले. हे मात्र मधोमध, उघड्या फरशीवरून, हात जोडून सावकाश. मागची एक बाई म्हणाली, "ह्याला म्हंत्यात भक्ती."

मला भरून आलं. इतकी वर्षं उपास केले, मला हे साधलं नाही. ह्यांना साधलं. ह्यांनी प्रसादाचा पेढा माझ्या हातावर ठेवला — ह्यांच्या साखरेच्या गोळ्या सुरू झाल्यापासून, बारा वर्षं झाली, तो माझाच.

१४ एप्रिल, सोमवार
दोघं बाजारातून येत होतो. गाडी हलेना, मागचे हॉर्न वाजवायला लागले. आणि एकदम उडी! फुलवालीच्या टोपलीला टेकून थांबली. टोपलीमागं तिची नात बसलेली.

"पावणं, डोळं फुटलं का काय!"

हे उतरले. "बाई, गाडीत दोष हाय." तिनं ऐकून घेतलं. मी फुलांचे पैसे दिले, तिनं घेतले नाहीत.

संध्याकाळी क्रांतीचा फोन. "आई, बाबाच येणार न्हवं?"
हो म्हटलं. पोरीच्या पोटात जीव आहे आणि मी हो म्हटलं. ह्यांना नको म्हणायचं तोंड मला नाही.

१७ एप्रिल, गुरुवार
कार्बोरेटर आला. फोडला नाही. देवापुढं ठेवून हळदकुंकू वाहिलं. अण्णाप्पा परवा येतो म्हणाला.

१८ एप्रिल, शुक्रवार
हे गाडीत बसून थोडा वेळ इंजिन चालवून घरात आले. उंबऱ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत फरशीवर लाल ठिपके. मला आधी वाटलं, कुंकू सांडलं.

ह्यांना बसवलं, पाय मांडीवर घेतला. तळव्यात स्क्रू रुतलेला. अण्णाप्पाचा, हरवलेला. मी ओढून काढला. ह्यांनी हूं की चूं केलं नाही.

"दुखलं न्हाई?"
"काय?"

अंगठा दाबला. करंगळी दाबली. सुईचं टोक लावलं. हे माझ्या तोंडाकडं बघत राहिले, मी कुठं हात लावलाय ते माझ्या तोंडावरून ओळखायचं म्हणून.

टाचेला जुना फोड, फुटून वाळलेला. देवळातल्या फरशीचा. मी त्याला भक्ती म्हटलं होतं.

१९ एप्रिल, शनिवार
डॉक्टरांनी मान हलवली. साखरेनं पाय बधिर झालेत, किती दाबलं ते कळत नाही, गाडी चालवणं बंद. ह्यांनी किल्ली आपणहून माझ्या हातावर ठेवली, पेढ्यासारखी. जावयांना भाड्याची गाडी सांगितली.

पुण्याला कार्ड लिहिलं — "कार्बोरेटर पोचला. पार्सल फोडलेले नाही. गाडीत दोष नव्हता. परत घ्याल काय, ते उलट टपाली कळवावे."