फटाकडीचा प्रश्न

प्रिय शिडी,

हे पत्र मी तुझ्या आईच्या, म्हणजे काकूंच्या हातात देणार आहे. तू अवकाशातून खाली उतरलीस की काही दिवस तुला धड उभंही राहता येणार नाही, पाय लटपटतील, पडून राहावं लागेल, असं पेपरात वाचलं. बरंच झालं. मधेच उठून पळता येणार नाही तुला.

आधी खुशाली. मी मजेत आहे. आपल्याच शाळेत विज्ञान शिकवते. हे तुला माहीत असेल, नसेल, तू कधी विचारलं नाहीस. प्रयोगशाळेतलं आपलं बाक अजून डुगडुगतं, कुणी त्याच्या पायाखाली पुठ्ठा घातलाय. जिन्याच्या वळणावर तुझा पांढऱ्या पोशाखातला भला मोठा फोटो लावलाय, आणि खडू-डस्टर घेऊन दिवसभर मला त्याच्यासमोरूनच वर-खाली करावं लागतं. काय गं ते हसू! मुलं तिथे थांबून नव्या पोरांना तुझी गोष्ट सांगतात. ही आपल्या शाळेची, हिनं सहावीत असताना एकटीनं गांडुळांचा प्रयोग केला, तो अवकाशात गेला, मग ही स्वतःच गेली. त्यातलं ‘एकटीनं’ पोरांनी मनानं घातलेलं नाही. ते तुझ्याच तोंडचं आहे.

मैदानामागच्या ओल्या मातीत आपण दोघी उकिडव्या बसलो होतो, आणि मी विचारलं होतं, की जिथे ‘खाली’ असं काही नसतंच, तिथे गांडूळ खाली जायला कुठे जाईल? तू खो खो हसलीस. मग हसायची थांबलीस. विद्यार्थ्यांनी सुचवलेला एक प्रयोग यानातून वर पाठवणार, अशी सूचना तेव्हा वर्गाबाहेर लागलेली होती. तुमच्या घरातला बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेतला, मी खिळ्यानं त्याच्या झाकणाला भोकं पाडली, अंगठ्यावरचा वण अजून आहे, आणि डबा तुझ्या पलंगाखाली सरकवला. भोकं जरा मोठीच पडली. काकूंच्या चपलेत गांडूळ निघालं, तेव्हा त्यांनी आपल्याला शेजारी शेजारी उभं करून जे काय फैलावर घेतलं, ते मला शब्द न् शब्द पाठ आहे. दोघींना घेतलं, शिडी. काकू काही एकटीवर चिडल्या नव्हत्या.

मग ऐन निवडीच्या मुलाखतीच्या आठवड्यात मला कांजिण्या आल्या. परीक्षकांसमोर तू एकटी गेलीस, त्यात तुझा दोष नाही, तेवढा न्याय मी करते. परत येताना आमच्या खिडकीखाली उभी राहून तू बोंब ठोकलीस, आपण जिंकलो! मी तापात पलंगावर नाचले, आईनं दटावून झोपवलं. दुसऱ्या दिवशी पेपर आला. त्यात फोटो तुझा, नाव तुझं, आणि माझा प्रश्न तुझ्या तोंडी. मला भाबडीला वाटलं, छापणाऱ्यांची चूक झाली असेल. बरी होऊन शाळेत आले तर तू बाक बदललेलं. बाईंना सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, मैत्रिणीचं यश बघवत नाही का तुला? तेव्हापासून मी मूग गिळून बसले ती बसलेच.

तेवढ्यावर थांबली असतीस तर एक वेळ विसरलेही असते. पण तू ती गोष्ट घेऊन शाळाशाळांतून फिरलीस, मुलांना अवकाशाची गोडी लावायला. गोडी लागते, खोटं कशाला बोलू. पण दर वेळी शेवट काय, तर मुलांनो, कुणाची वाट पाहू नका, मी एकटीनं केलं. मागच्या वर्षी माझ्याच वर्गातल्या एका पोरीनं फळ्यावर तुझं ते वाक्य सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं, आणि अक्षर छान आहे म्हणून मला तिला शाबासकी द्यावी लागली. त्या दिवशी माझं डोकं फिरलं. आता बास, असं मी ठरवलं.

म्हणून तू वर गेल्यावर शाळांशी रेडिओवरून बोलणार असं जाहीर झालं, तेव्हा अर्ज मीच केला. मुख्याध्यापकांना वाटलं, काय ही मैत्री! रेडिओचा नाद असलेल्या एका भल्या गृहस्थांनी गच्चीवर अँटेना उभी केली. तुमचं ते अवकाशातलं घर डोक्यावरून सरकून जायला जेमतेम दहा मिनिटं, तेवढ्यात काय ते बोलायचं, हे त्यांनी मुलांच्या मनावर ठसवलं. प्रत्येक मुलाला एक प्रश्न, आणि सगळे प्रश्न आधी मंजुरीला पाठवायचे. शेवटचा प्रश्न मी सहावीतल्या एका पोरीला दिला. तिला सगळे फटाकडी म्हणतात, तोंड एक मिनिट बंद नसतं. प्रश्न साधा होता. तुमचा पहिला प्रयोग तुम्ही कुणाबरोबर केलात? कुणाला त्यात काही खटकलं नाही. मुद्दामच शेवटी ठेवला मी तो. पालक, पत्रकार, कॅमेरेवाले, सगळ्यांच्या देखत उत्तर ऐकायचं होतं मला, आणि त्यानंतर दुसरं काहीच ऐकायचं नव्हतं.

बाकी प्रश्नांना तू दोन-दोन वाक्यांत उत्तरं दिलीस. फटाकडीच्या आधीच्या मुलानं विचारलं, वर संडासला कसं जाता? आणि तुझी गाडी जी सुटली! नळी, पंखा, पट्टा, पिशवी, सरावाच्या वेळची फजिती, एकदा पिशवी निसटली तो किस्सा. हॉल हसून लोटपोट. रेडिओवाले गृहस्थ मला घड्याळ दाखवून दाखवून थकले. शेवटी फटाकडीनं माइक घेतला, खणखणीत आवाजात प्रश्न विचारला, शिकवल्याप्रमाणे ‘ओव्हर’ म्हणाली. नुसती खरखर. तिनं परत विचारलं. परत खरखर. तू क्षितिजाखाली गेली होतीस. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि खुर्च्या सरकवायला लागले.

आधी मी स्वतःलाच शिव्या घातल्या, हौसेनं प्रश्न शेवटी ठेवला म्हणून. मग घरी भाजी चिरता चिरता हात थांबला. अगं, प्रश्न तर तुझ्याकडेही आधीच पोचलेले होते! आणि गृहपाठ केलेला नसला की तू काय करायचीस? आदल्या प्रश्नाचं उत्तर घंटा होईपर्यंत ताणायचीस. बाई हसून बेजार, तास संपला, शिडी सुटली. काही बदलली नाहीस तू. पण फटाकडीला वाटतंय, माइकचं बटण तिनंच चुकीचं दाबलं आणि सगळं बिघडवलं. पोरं तिला चिडवतात. परवा तुझ्याच फोटोखाली पायरीवर बसून रडत होती. माझ्या भांडणात तिला मी ओढलं, हे मान्य, ते मी निस्तरेन. पण तोंड फिरवलंस ते तू, आणि तेही पुन्हा एका सहावीतल्याच पोरीपासून.

आता पत्र कशासाठी ते. उभी राहायला लागलीस की तू शाळांना भेटी देणार आहेस, आणि पहिला मान आपल्या शाळेला आहे. कार्यक्रम माझ्याकडे आहे. या वेळी प्रश्न आधी पाठवायचे नाहीत, मुलांना मोकळेपणानं विचारू द्यायचं, असं ठरलंय. ठरवलं अर्थात मीच. मग तुला आधी का कळवतेय? कारण बेसावध गाठलं, तर तू गोड हसून म्हणशील, किती वर्षं झाली गं बाळा, आता आठवत नाही. ती सोय मी या पत्रानं काढून घेतलीय. काकूंना इथपर्यंतचं पत्र वाचून दाखवलंय. त्यांनी पहिल्या रांगेतली खुर्ची मागितली. फटाकडीचा प्रश्न आता पहिला आहे. संडासाचा त्यानंतर. आणि हॉलमध्ये क्षितिज नसतं, शिडी, दोन दारं असतात, आणि त्यांतून निघून जाणारी सगळ्यांना दिसते. तेव्हा औषधं वेळेवर घे, रोज थोडं थोडं चाल, पायांत ताकद आण. उत्तर मला तू उभं राहून दिलेलं हवंय.

तुझीच,
डब्याला भोकं पाडणारी