सांगणार नाही, पण…

ती. मावशीस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? डोळे उत्तम असणार, कारण जाडजूड पुस्तकं वाचून तू दर रविवारी पेपरात परीक्षणं लिहितेसच. इकडे आम्ही दोघं मजेत. दुकानही बरं चाललंय (लोकांचे केस अजून वाढतात, देवाची कृपा). पत्राला कारण आहे, पण ते शेवटी. शेवट आधी सांगून टाकायची सवय आपल्या घरात एकट्या तुलाच!

रागावू नकोस. पण ती दीपगृहवाल्या बाईची सात भागांची कादंबरी मी गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात वाचतो, म्हणजे मुंगीच्या पावलांनी. तिसऱ्या भागाच्या वेळी तू लिहिलंस, "खुनी कोण ते सांगून रसभंग करणार नाही, पण दूधवाल्याने रक्ताळलेला कोट ज्या सफाईने जाळला, ते मुळातूनच वाचावं." अगं, मुळात राहिलं काय? पुस्तकभर मी त्या दूधवाल्याकडे डोळे वटारून बघत बसलो. आता चौथ्या भागात बाई वादळात होडी घेऊन निघालीय. ती परत येते की नाही, हे मला माझ्या डोळ्यांनी वाचायचंय. एवढी एकच हौस आहे गं माझी.

म्हणून पाचव्या भागाचं तुझं परीक्षण आलं त्या रविवारी मी दुकानातला पेपर घेतला आणि डोळे किलकिले करून (नुसता तुझा फोटो दिसेल इतपतच) वस्तऱ्याने तो चौकोन कापून टाकला. पाठीमागे शब्दकोडं होतं. आमचे रिटायर्ड पोस्टमास्तर त्या कोड्यासाठीच येतात, दाढी हे नुसतं निमित्त. ते असे खवळले की अर्ध्या दाढीनिशी उठून गेले. त्यांच्या जागी बँकेतले साहेब बसले. दुपारी त्यांचा निरोपसमारंभ होता, फोटो निघणार होते. मी मशीन लावलं आणि ते खुशाल सुरू झाले, "तुमच्या मावशींचं परीक्षण वाचलं बरं का! बिचारी ती दीपगृहवाली…" मी घाबरून त्यांच्या तोंडावर गरम टॉवेल दाबला. दुसऱ्या हातात मशीन आहे याचं भानच राहिलं नाही. कपाळापासून टाळूपर्यंत सरळ पायवाट! शेवटी सगळंच सपाट करावं लागलं. फोटोत साहेब चकाकतायत म्हणे. 'बिचारी' एवढं मात्र माझ्या कानात शिरलंच, आणि तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

घरचा पेपर हातात घेतला तर त्यात आधीच चौकोनी भोक. हिने माझ्यासाठी आठवणीने कापून ठेवलं होतं! डोळे भरून आले माझे. पण हिचं एक आहे. पाचवा भाग हिने माझ्याआधी वाचून संपवलाय, आणि आता जरा कुठे मी 'नाही' म्हटलं की भुवया उडवून विचारते, "सांगू का?" झालं! मी मुकाट्याने भांडी घासतो. पंखे पुसले, माळा आवरला, हिच्या भावाला 'या, राहा हवे तेवढे दिवस' म्हटलं. या सगळ्यात चौथा भाग वाचायला वेळ उरत नाही, म्हणून पाचवा लांबतो, आणि हिचं राज्य चालूच राहतं.

असो. तब्येतीला जप. काकांना नमस्कार.

तुझा,
भाचा

ता. क. कारण सांगायचं राहिलं. सहावा भाग तुझ्याकडे परीक्षणासाठी आधीच येतो ना? तुझं झालं की गुपचूप दुकानाच्या पत्त्यावर पाठव. पाचवा न वाचताच वाचीन. हौस गेली खड्ड्यात, माणसाला घरात मानाने जगता आलं पाहिजे! मी एकदा पुढे गेलो की बघतो भुवया कोण उडवतं ते.

ता. क. २. डिंक सापडत नाहीये, म्हणून पाकीट उघडंच हिच्याकडे टपालात टाकायला देतोय. काळजी नको, दुसऱ्याची पत्रं वाचायची हिला सवय नाही.

ता. क. ३ (भाचेसुनेकडून). मावशी, नमस्कार. डिंक मीच लपवला होता. पाचवा भाग मी अजून उघडलेलासुद्धा नाही, एवढी पानं वाचायला सवड कुणाला आहे? तुमचं परीक्षण तेवढं कापून जपून ठेवलंय. कृपा करून लिहायची पद्धत बदलू नका. पुस्तक नाही पाठवलंत तरी चालेल, पण सहाव्या भागाचं परीक्षण छापून येण्याआधीच मला घरच्या पत्त्यावर पाठवाल का? भिंतींना रंग द्यायचा राहिलाय.