गणिताच्या टॅबलेटबद्दल शिक्षकांचं मत

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो सध्या पत्रातच घालता येतो, मानून घे.) गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं भावजींकडून कळलं. काठी वापरत जा. निवृत्त मुख्याध्यापिकेच्या हातात ती वाईट दिसणार नाही.

आमच्या शाळेत दोन महिन्यांपूर्वी गणिताच्या सरावाचे टॅबलेट आले. मूल उदाहरण सोडवतं, यंत्र बरोबर की चूक ते सांगतं आणि त्याप्रमाणे पुढचं सोपं किंवा अवघड देतं. यावर शिक्षकांचं लेखी मत हवं होतं, आणि ज्येष्ठ म्हणून ते गोळा करणं माझ्या गळ्यात पडलं. चौथीच्या बाई म्हणाल्या, मुलं विचार न करता चारही पर्याय दाबून बघतात. (खरं आहे.) चित्रकलेच्या सरांना यंत्र फार आवडलं, कारण गणिताचा ऑफ तास त्यांच्याकडे असतो आणि वर्ग गप्प राहतो. खेळाच्या सरांनी डोळ्यांवर होणाऱ्या परिणामांची काळजी मोबाइलमधून डोकं वर न काढता व्यक्त केली.

माझ्या ठरलेल्या मताला पुरावा हवा होता, म्हणून मी विद्यार्थी बनून आत शिरलो. सातवीला पर्याय नसतात, उत्तर लिहावं लागतं; मी सहा अष्टमांश लिहिलं. यंत्र म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा. त्याला तीन चतुर्थांश हवं होतं. सव्वीस वर्षं गणित शिकवणारा माणूस असा कसा ऐकेल? मी सहा अष्टमांशावर ठाम राहिलो. अर्ध्या तासात त्याने मला सातवीतून दुसरीत उतरवलं आणि फुगे मोजायला दिले. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत अहवाल पडद्यावर लागला, तेव्हा सगळ्यात खाली एक बिननावाचा विद्यार्थी होता. मुख्याध्यापिका बाईंनी फार कळवळून विचारलं की या मुलाला जादा शिकवणी कोण देईल. मी हात वर केला. दुसरं काय करणार?

दुपारी स्वतःला त्या यादीतून पुसायला बसलो, आणि माझ्या वरच्याच ओळीवर नजर गेली. सातवीची मुलगी, खिडकीजवळ बसणारी. दोन वर्षांत वर्गात 'हजर'पलीकडे एक शब्द बोललेली नाही. प्रगतिपुस्तकात मीच तिला 'लक्ष देत नाही' असा शेरा दिला आहे. तिने अपूर्णांकांची बेरीज एकशे एकोणीस वेळा चुकवली होती. प्रत्येक वेळी चूक तीच, छेदांचीही बेरीज. मग एका दिवशी एक बरोबर, आणि त्यापुढची सलग तीस बरोबर.

मी तिला बोलावून विचारलं, कसं जमलं? ती म्हणाली, "घरी कागदाला घड्या घालून पाहिल्या." म्हणजे यंत्राने काहीच शिकवलं नव्हतं. मी म्हटलं, मग इतक्या वेळा त्याच्यासमोर कशाला बसलीस, मला एकदा विचारायचं होतंस. ती बाकाच्या कडेवर नख फिरवत राहिली. मग म्हणाली, "सर, ते चुकलं म्हणतं आणि पुढचं देतं. उसासा टाकत नाही."

मी टाकतो का, असं विचारलं. तिचं नख थांबलं. जा म्हटलं, आणि तास संपेपर्यंत रिकाम्या वर्गात फळा पुसत बसलो. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

तब्येतीला जप. भावजींना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. माझं मत मी हे सगळं घडण्याआधीच, पहिल्याच आठवड्यात देऊन बसलो आहे. 'निरुपयोगी.' खाली बाकीच्यांच्या सह्याही मीच फिरून घेतल्या. (चित्रकलेच्या सरांची तर दटावून.) सोमवारी टॅबलेट परत जाणार आहेत. मुख्याध्यापिका बाई तुझ्या हाताखाली शिकलेल्या, तुझा शब्द त्या खाली पडू देणार नाहीत. टॅबलेट राहू द्या म्हणून रविवारच्या आत त्यांना एक फोन कर. मला तोंड राहिलेलं नाही.

ता. क. दुसरा. फोनवर माझं नाव घेऊ नकोस. नाही, घे. त्या मुलीचं मात्र घेऊ नकोस.