यावाआत्याची जाळी, आफीबाईंची पाटी

आक्रा, ३ मार्च १९९७

ती. यावाआत्यास,
डेलालीचा सा. न. वि. वि.

इथल्या एका कलादालनात माझं काम मांडते आहे. मला घडवणाऱ्या सात जणांची सात स्टुलं, प्रत्येकावर त्यांची एक वस्तू. तुझ्या स्टुलावर मासे धुरावर वाळवायची जाळी आहे. हो, मागच्या खेपेला न विचारता नेली ती मीच. वास जात नाही. मालक नाक धरून माझी चौकशी करतात.

शेजारच्या स्टुलावर आफीबाईंनी दिलेली पाटी आहे. तुझ्या धुराने त्यांच्या धुतलेल्या चादरी काळ्या झाल्या, तेव्हापासून अकरा वर्षं तुमचा अबोला. पण आई गेल्यावर जेवले तुझ्याकडे आणि अक्षरं गिरवली त्यांच्या ओट्यावर. बावीस तारखेला दोघींनी यावं. त्यांनाही लिहिलं आहे.

लोभ आहे तेवढा राहू दे.
तुझी डेलाली

केटा, ११ मार्च

चि. डेलालीस,
अ. उ. आ.

इकडे सगळे ठीक. तुझी बुद्धी तेवढी ठिकाणावर दिसत नाही. एवढ्या मोठ्या आक्र्यात त्या बाईला दुसरा कोपरा मिळेना? तिची पाटी हलव, नाहीतर माझी जाळी परत कर. मी येणार नाही. मासळी पाठवली आहे, वेळेवर जेवत जा.

तुझी आत्या

आक्रा, १५ मार्च

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

काही हलवणार नाही. एक स्टूल काढलं तर बाकीची सहाही खोटी पडतील. तू आली नाहीस तर मी रडेन, आणि रडताना मी कशी दिसते ते तुला ठाऊक आहे.

डेलाली

केटा, २६ मार्च

चि. डेलालीस, अ. उ. आ.

तू पाहुण्यांत गुंतली होतीस, म्हणून सांगते. आफी माझ्या जाळीसमोर बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, पोरीने उलटी ठेवलीय. अकरा वर्षं तुझी जाळी खिडकीतून बघतेय मी. मी म्हटलं, तुझं नावही चुकीचं लिहिलंय तिने. पुढे तुझे दोष काढत केटा कधी आलं कळलं नाही. उतरताना मी म्हटलं, त्या चादरी मी धुवून द्यायला हव्या होत्या. ती म्हणाली, हो.

बसमध्ये चष्मा फुटला, म्हणून हे तिच्याकडून लिहून घेते आहे. माया करतेस तशीच कर.

आत्या

ता. क. यावाने सांगितलेलं सगळं उतरवलेलं नाही. निम्मं माझ्याविषयी होतं.
आफीबाई