मनुकाकीचं नाव निघत नाही

४ मार्च १९९१

गोमाजीकाका चिडले. चांगदेव दोन पापलेटं देऊन गेला. दोन्हींचं कारण एकच — माझा प्रोग्रॅम!

ऑफिसात कॉम्प्युटर येणार म्हणून स्टेशनजवळच्या क्लासला जातो. माझं वय चव्वेचाळीस, बाकी सगळी कॉलेजातली पोरं. आनंद सर मला काका म्हणतात, मी त्यांना सर. सध्या याद्या चालल्यात — नावं खाली-वर करणं, नको ती काढणं. "घरची एखादी खरी यादी आणा," सर म्हणाले. मी आमच्या कोळीवाड्याच्या पालखीची नेली. चैत्री पुनवेला देवीची पालखी ज्या दारांत थांबते त्या मानकऱ्यांची. पहिला मान गोमाजीकाकांचा — गावचे पाटील ते. शेवटचा चांगदेवचा. तिथे पोचेपर्यंत भोयांचे खांदे गेलेले असतात आणि ढोलवाले पेंगत असतात.

नावं इंग्रजी अक्षरांत टाकली. क्रम लावायचा प्रोग्रॅम चालवला. प्रिंटरने कर्रकर्र करत कागद दिला. चांगदेव पहिला!

मी तो कागद कौतुकाने गावात दाखवला. एवढी अक्कल मला का नसावी?

गोमाजीकाका — "एबीसीडीनं देवी फिरते काय रं?"

चांगदेव — "शिकलेला मानूस आज गावाच्या कामाला आला!"

पापलेटं परत करायला हवी होती. तोवर बायकोने — सगुणाने — तळली होती. खाल्ली. लाच झाली का ही?

६ मार्च

जुना क्रम मशीनमध्ये उरलेलाच नाही. नवा लावताना पुसला गेला. आधी प्रत काढून ठेवायची असते हे सरांनी आज सांगितलं. आधी का नाही?

गोमाजीकाकांच्या ओट्यावर बसून क्रम पुन्हा उतरवून घेतला. आता प्रत्येक नावापुढे मानाचा आकडाही टाकलाय. सगुणा म्हणते, "घरचं सामान एकदा धड आनता येत नाय, चाललेत देवीची यादी करायला."

१० मार्च

देवळात पंचांची बैठक. मशीनची यादी आता सर्वांनाच हवी आहे. मागच्या वर्षी शेजारच्या गावाने लाउडस्पीकर नवा आणला, त्याला हे उत्तर!

गोमाजीकाका म्हणाले, "दोन नावं काढ. एक दामाजी, एक मोरूची बायको." दामाजीचं समजलं. घर विकून टिटवाळ्याला बिल्डिंगीत गेला. पण मनुकाकी? मोरूकाका दोन वर्षांपूर्वी गेले, मुलगा नाही, म्हणून तिचं दार बंद समजायचं? कोणी कारण सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती.

मी बोललो का? नाही. मान हलवून घरी आलो. बी.ए.ला मी तत्त्वज्ञान घेतलं होतं!

१३ मार्च

दोन्ही नावांपुढे खूण केली. "खूण दिसेल ते नाव काढ, खालची सगळी एकेक घर वर सरकव" — असा प्रोग्रॅम. चालवला. दामाजी गेला. मनुकाकी जागच्या जागी!

क्लास बंद व्हायची वेळ झालेली. तोच कागद घेऊन आलो. चूक कुठे आहे ते कळेपर्यंत हात लावायचा नाही, असं स्वतःला बजावलं. खरं कारण ते नाही. बरं वाटलं!

१७ मार्च, पाडवा

देवळात यादी वाचली. दामाजीचं नाव आलं नाही. मनुकाकीचं आलं.

"हे कसं राह्यलं?" गोमाजीकाकांनी विचारलं.

"काढायला सांगितलं होतं. निघालं नाही," मी म्हणालो. अक्षर न् अक्षर खरं. तरी तोंडात खोट्याची चव.

तेवढ्यात मागून मालूआजी — गावातली सगळ्यात म्हातारी — कापऱ्या आवाजात, "देवीला मोरूचं घर सोडवत नाय गो!" बायांनी हात जोडले. मग पुरुषांनी. गोमाजीकाकांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मिटलं, आणि त्यांनीही जोडले. मला काय करावं कळेना. मीही जोडले. कोणाला? माझ्याच चुकीला?

१९ मार्च

चूक सापडली. सरांनी आम्हालाच भिंतीशी रांगेत उभं केलं आणि एकेकासमोर येत गेले. माझ्यापाशी आल्यावर — "काका, तुम्ही बाहेर." मी बाहेर. मागचे सगळे एकेक पाऊल पुढे सरकले. माझ्या जागी मागचा पोरगा आला आणि सर तोवर त्याच्या मागच्या जागेसमोर गेलेले! त्या पोराला कोणी विचारलंच नाही. तो दात काढत उभा.

दामाजी आणि मोरू सख्खे भाऊ. मान पाठोपाठचे. दामाजी निघाला, मनुकाकी त्याच्या जागी सरकली, मशीन पुढे गेलं.

"शेवटापासून सुरू करा, काका. खालून वर या. मग कोणी सुटत नाही." तसं केलं. पडद्यावर मनुकाकी गेली. कागद काढला नाही.

२० मार्च

सगुणाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुमचीच चूक देवीच्या उपेगाला आली असंल, तुमाला काय तरास?"



२२ मार्च

निदान मनुकाकीला तरी खरं सांगावं म्हणून गेलो. खरं म्हणजे थोडं कौतुक करून घ्यायलाही. ती अंगणात जाळ्याची भोकं सांधत होती.

"काकी, तुझं नाव काढणार होते. माझ्यामुळे राहिलं."

तिने सुई थांबवली. "म्हंजे तूच काय तो मेला!"

तिने जाळं बाजूला सारलं.

"मीच गोमाजीला बोललेली, काढ माझं नाव म्हनून. लगीन होऊन या घरात आले तवापासून पालखी दारात येते आन मी चुलीपाशी. सगळ्या भोयांचं जेवान माझ्या घरी. बाहेर ढोल वाजतंय, मी धूर खातंय. आरती केली का परत आत. गावभर नाचत जाते म्हनतात पालखी! मी कवा बघितली नाय. मोरू होता तवर बोलता आला नाय. यंदा म्हटला, मान गेला खाडीत, मी मागनं नाचीन. तर तू माझं नाव ठिवलंस!"

"मी नाही काकी, ते मशीननं —"

"मशीन येनार हाय भाकऱ्या थापायला?"

विधवा, निपुत्रिक, तिच्यावर अन्याय — हे सगळं माझ्याच डोक्यातलं. दहा तारखेपासून मी मनात तिच्या बाजूने लढतोय. तिचं घर माझ्या घरापासून हाकेवर. विचारलं का एकदा तरी?

२३ मार्च

गोमाजीकाकांकडे कबुली. ओट्यावर शहाळी रांगेने मांडून चूक दाखवली. एकदाच. लगेच कळली त्यांना.

"आज काढतो तिचं नाव," मी म्हणालो.

"गप बस! मालूआजीनं बाजारभर सांगितलंय. कळव्याची मानसं यायचीयत बघायला. देवीनं ठिवलेली बाई तू काढनार? तू कोन?"

"पण काका, ती स्वतःच तुम्हाला बोलली होती ना? मग पाडव्याला गप्प का बसलात?"

काकांनी एक शहाळं उचलून परत रांगेत ठेवलं. "मना वाटला, देवीनं मलाच गप केला."

म्हणजे आम्ही दोघंही माझ्या चुकीला घाबरून बसलो! आणि भोगायचं मनुकाकीने.

२५ मार्च

वाल किती आधी भिजत घालावे लागतात ते सगुणाला विचारलं. तिने आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

२८ मार्च

क्लासला दांडी. बोटं सोललीत. वालांची सालं निघतात, माझ्या नखांतली निघत नाहीत.

३० मार्च, चैत्री पुनव

पालखी मनुकाकीच्या दारात थांबली म्हणे. काकी तिच्या मागूनच नाचत आली, पाहुणीसारखी स्वतःच्याच उंबऱ्यात उभी राहिली, आरती केली. मी पाहिलं नाही. मी तिच्या चुलीपाशी होतो. डोळ्यांत धूर, तव्यावर तुटकी भाकरी. ढोल मात्र छान ऐकू येत होता. खिडकीतून काकीने डोकं घातलं — घामाघूम, केसांत गुलाल — "बिरड्यात मीठ टाकलंस काय रं?"

उत्तर ऐकायला थांबली नाही.